हॉप्फन थांबत नाही

आमच्या हॉप्फनकाकांनी आयुष्यात बिअरचा थेंब जिभेवर ठेवला नाही, आणि दर सप्टेंबरात ते घरी बिअर करायचे. पिंपभर नव्हे, पण एक मोठं पातेलं भरून, मन लावून, कंबर मोडेपर्यंत. जर्मनीत घरी बिअर करणं ही काही नवलाईची गोष्ट नाही. कुणी लोणचं घालतं, कुणी बिअर करतं. पण न पिणाऱ्या माणसानं ती करावी, आणि तीही त्याच दिवशी वेलावरून खुडलेल्या ताज्या हॉप्फनची, हे अख्ख्या कार्ल्सरूहेत एकट्या काकांनाच सुचलं असेल. हॉप्फन म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी हिरवी, कागदी पाकळ्यांची बोंडं. त्यांच्यावरूनच आम्ही मराठी पोरापोरींनी काकांना हे नाव ठेवलं होतं. तोंडावर अर्थात नुसतं 'काका'.

मी पीएचडीला तिथे गेले तेव्हा नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. काकांच्याच बिल्डिंगमध्ये वर, छपराखालची एक खोली मला भाड्यानं मिळाली होती. आल्या आल्याच जिना पुसायची माझी पाळी आली. तिकडे या पाळीला केअरवोखं म्हणतात, आणि ती चुकवली तर शेजारी 'गुटन मॉर्गन'चं उत्तरही देत नाहीत. मी फडकं पिळत होते आणि खालून, तळघराकडून, कुणीतरी जड काहीतरी उचलून जिना चढत होतं. वळणावर ते टेकलं आणि आवाज आला, "आल्झो... थकलो बाप्पा." माझ्या हातातलं फडकं बादलीत पडलं. 'आल्झो' हा जर्मनांचा शब्द, आपल्या 'तर मग'सारखा कुठेही घुसणारा. पण पुढचे दोन शब्द थेट नागपूरचे होते. मी सांगलीची, नागपूर मी तोवर पाहिलंही नव्हतं. पण त्या क्षणी ते मला माहेर वाटलं.

हे 'थकलो बाप्पा' काका बसताना म्हणायचे, उठताना म्हणायचे, फोन ठेवला की म्हणायचे, ट्राममधून उतरताना म्हणायचे. मला आधी ती नुसती लकब वाटली. मग हळूहळू कळलं की माणूस खरोखरच थकलेला आहे, आणि तो थकवा झोपून जाणाऱ्यातला नाही. ऐंशीच्या दशकात ते यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून आले होते. ती कंपनी पुढे दोनदा विकली गेली, आणि दोन्ही वेळा काकांचं टेबल खिडकीपासून आणखी आत सरकलं. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं त्यांचे साहेब झाली. काका कुणाबद्दल वाईट बोलत नसत. मी माझ्या प्रोफेसराच्या नावानं खडे फोडायला बसले की ते सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "जेवली का तू?" रात्री त्यांना झोप लागत नसे. काकू म्हणायच्या, "अहो, थकला आहात तर झोपा की." त्यावर काका म्हणत, झोपायलाही अंगात जोर लागतो.

दारूचं म्हणाल तर त्यांचे वडील मोहाच्या दारूपायी गेले. दारू आधी घरातली भांडी घेऊन गेली, मग जमिनीचा तुकडा, मग वडील. काकांनी मरणाला टेकलेल्या आईला शब्द दिला होता, आणि शिवाय पंचशीलातलं पाचवं शील होतंच. ते काका रोज सकाळी आंघोळीनंतर म्हणत, मनापासून म्हणत. त्यामुळे कोलोनला बाबासाहेबांच्या जयंतीला सगळे जमले की कुणीतरी हटकायचंच. एकदा एका तरुण डॉक्टरानं चारचौघांत विचारलं की काका, तुम्ही पंचशील म्हणता आणि घरात दारू गाळता, हे कसं काय. काका पुरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाले, "गाळत नाही रे. उकळतो."

आणि ते खरंही होतं. इथेच काकांनी स्वतःपुरता एक कायदा करून ठेवला होता. मोड आणून वाळवलेलं जव भरडून कोमट पाण्यात भिजवायचं, गोड झालेलं पाणी गाळून घ्यायचं, ते उकळायचं, शेवटी शेवटी त्यात ताजा हॉप्फन पसापसा टाकायचा, मग सगळं गार करायचं. इथवर दारूचा पत्ता नसतो. दारू होते ती पुढे, यीस्ट घातल्यावर. तर काका यीस्टला हात लावत नसत. त्याआधी ते एका लहानशा ग्लासात ते गोड-कडू पाणी काढून घ्यायचे, घोट घोट प्यायचे, आणि म्हणायचे, "इथपर्यंत आपलं. पुढचं त्यांचं." मग यीस्ट काकांच्या भाड्याच्या बागेतला शेजारी वाल्टर तरी टाकायचा, नाहीतर सुजाता. काकूंना हा कायदा बिलकूल मान्य नव्हता. "म्हणजे चूल तुम्ही पेटवायची आणि भात शेजाऱ्यानं शिजवला म्हणायचं," असं त्या म्हणायच्या, आणि आपल्या स्वयंपाकघरात त्यांनी हा उद्योग कधी शिरू दिला नाही. म्हणून सगळा कारभार तळघरात, कपडे धुवायच्या खोलीत चाले. पातेलंही काकूंनी टाकून दिलेलं होतं, जर्मन बायका ज्यात फळांच्या बरण्या उकळतात ते, विजेवर चालणारं.

सुजाता म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. जर्मनीत जन्मली, जर्मनीत वाढली. शाळेत तिला सगळे 'सुयाटा' म्हणत, आणि मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिनं स्वतःचं नाव तसंच सांगितलं. मराठी तिला सगळं कळायचं. उत्तर मात्र जर्मनमध्ये. काका मराठीत विचारणार, ती जर्मनमध्ये सांगणार, असं त्या घरातलं बोलणं होतं, आणि पुढे पुढे तेही आटलं. ती कोलोनला शिकायला गेली, तिथेच एका जाहिरात कंपनीत लागली. बापलेकीचं भांडण असं कधी झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, निदान मिटवता तरी आलं असतं. फोन यायचा, काका म्हणायचे, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "या, या, आलेस गुट," म्हणजे हो हो, सगळं ठीक. मग फोन काकूंकडे जायचा आणि काका म्हणायचे, थकलो बाप्पा.

फक्त हॉप्फन खुडायच्या दिवशी ती यायची. याची गोष्ट अशी की काकांनी गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांलगत, एक श्रेबरगार्टन घेतला होता. या म्हणजे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मिळणाऱ्या छोट्या भाड्याच्या बागा. किती भाजी लावायची, कुंपण किती उंच ठेवायचं, दुपारी आवाज कधी करायचा नाही, सगळ्याचे नियम. त्या तुकड्यात आधीच्या माणसानं लावलेला हॉप्फनचा वेल होता, खांबावरून पार वर चढलेला. काका तो उपटणारच होते. पण शेजारच्या वाल्टरनं छोट्या सुजाताला बोंडं कशी खुडायची ते दाखवलं, आणि पोर दिवसभर तिथून हलली नाही. बापाशेजारी बसून खुडत राहिली, बडबडत राहिली. संध्याकाळी तिनं विचारलं, पुढच्या वर्षी पण करायचं ना? काकांनी 'हौ' म्हटलं. एका 'हौ'पायी माणूस इतकी वर्षं न पिण्याची बिअर करत राहिला. हे मला काकूंनी सांगितलं. काकांनी कधीच नाही.

खुडण्याच्या त्या दिवसाला मीही जायला लागले. वाल्टर शिडीवर चढून अख्खा वेल कापायचा, तो लांबलचक वेल टेबलावर आडवा पडायचा, आणि आम्ही भोवती बसून एकेक बोंड तोडायचो. दांड्या खरखरीत, हातांवर ओरखडे उठतात. बोंडांच्या आत पिवळी, चिकट पूड असते. ती बोटांना बसली की धुऊन जात नाही, आणि मग काकूंनी दिलेली पोळी-वांग्याची भाजीही कडू लागते. कामाला वेळ इतका लागतो की माणसं आपोआप बोलायला लागतात, किंवा गप्प बसायला शिकतात. सुजाता आणि काका बहुतेक गप्पच असायचे, पण ते फोनवरचं गप्प नव्हतं. मध्येच ती काही जर्मनमध्ये पुटपुटायची, काका हसायचे. आणि त्या वासानं म्हणा किंवा कशानं म्हणा, दुपार कलली की काका स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी घ्यायचे, हातात अर्धवट खुडलेली डहाळी तशीच. सुजाता ती हळूच काढून घ्यायची. एकदा मला म्हणाली, जर्मनमध्येच, की तुझं बरं आहे, तू बाबांशी त्यांच्या भाषेत बोलतेस. मी बोंडं खुडत राहिले.

ऑगस्ट संपत आला की काकांची तपासणी सुरू व्हायची. ऑफिसातून परस्पर बागेत जायचं, एक बोंड तोडायचं, कानाशी धरून चिमटीत दाबायचं. ओलसर दबून राहिलं तर कच्चं. कांद्याच्या वाळक्या सालीसारखं कुरकुरलं आणि सोडल्यावर पुन्हा फुगलं तर तयार. एकदा तयार झालं की मग हातात थोडेच दिवस असतात. नंतर बोंडं तपकिरी पडतात, वास बिघडतो. आणि खुडलेला ताजा हॉप्फन तर त्याच दिवशी पातेल्यात पडायला हवा, नाहीतर ढिगात गरम होऊन कुजतो. "हॉप्फन थांबत नाही पोरी," काका मला सांगायचे, "प्रमोशन थांबते, व्हिसा थांबते, हा नाही थांबत." बोंड कुरकुरलं की त्याच संध्याकाळी कोलोनला फोन जायचा. वर्षातला हा एकच फोन काका स्वतः लावायचे, आणि त्यात शब्द दोनच असायचे: "हॉप्फन तयार." तिकडून शनिवार कळायचा.

शेवटच्या वर्षी तो शनिवार कळेना. सुजाताच्या कंपनीत कसलंसं मोठं काम चालू होतं. ती म्हणाली, या आठवड्यात नाही जमत, पुढच्या शनिवारी नक्की. पुढच्या शनिवारी सकाळी फोन आला, आज नाही, पुढच्या. हॉप्फन तर केव्हाचा कुरकुरत होता. वाल्टर रोज कुंपणापाशी येऊन वेलाकडे वर बघायचा आणि मान हलवून परत जायचा. मी म्हटलं, काका, मी येते ना, वाल्टर आहे, आपण खुडून टाकू. त्याच दिवशी उकळूनही टाकू. बाटल्या भरायचं तेवढं सुजातासाठी ठेवू. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची बागच विकायला काढली होती. "थांब पोरी. येऊन राहिली ना ती." काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, अगं, हे रोज संध्याकाळी तिकडे जाऊन नुसते बसतात, अंधार पडला तरी येत नाहीत, काही खातही नाहीत धड. मी काय करणार होते? मला बिअरची चिंता नव्हती. ती आली नाही तर या माणसाचं काय होईल, याची होती.

तिसऱ्या शनिवारी ती आली. स्टेशनवरून थेट बागेत, खांद्याला लॅपटॉपची बॅग तशीच. तोवर वेल वरपासून खालपर्यंत तपकिरी पडला होता आणि कुंपणापासूनच जुनाट लसणासारखा वास येत होता. तिनं एक बोंड तोडलं, चुरगळलं, हुंगलं आणि तिचा चेहरा बदलला. ती बापावर उखडलीच. हे काय केलंत, वेळेवर का नाही खुडलं, तुम्हीच सांगता ना हा थांबत नाही म्हणून, मग माझ्यासाठी कशाला अडून बसलात, सगळं वाया गेलं, असं भराभरा जर्मनमध्ये बोलत सुटली. काका स्टुलावर बसले होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, माझ्या प्रोफेसराबद्दलचं ऐकायचे तसंच. मग मराठीत म्हणाले,

"हॉप्फन नाही थांबला. मी थांबलो."

मग तिनं बॅग गवतावर ठेवली, बाह्या वर सारल्या आणि वाल्टरला खुणेनं शिडी आणायला सांगितलं. ती वाया गेलेली बोंडं बापलेकीनं मिळून एकूण एक खुडली. वाल्टर मला बाजूला घेऊन म्हणाला की याची बिअर होणार नाही, यांना सांग. मी म्हटलं, तूच सांग. त्यानं सांगितलं नाही. संध्याकाळी तळघरात ती सगळी बोंडं पातेल्यात पडली, काकांनी आपला छोटा ग्लास काढून घेतला, सुजातानं यीस्ट टाकलं. महिन्याभरानं पहिली बाटली उघडली तेव्हा वाल्टरनं ग्लास तळापर्यंत रिकामा केला, मिशा पुसल्या आणि पिण्याजोगी आहे असा निकाल दिला. काका माझ्याकडे झुकून म्हणाले, "खोटं बोलून राहिला म्हातारा." त्या दिवशी ते इतके खूश होते की थकलो म्हणायलाच विसरले.

मार्चमध्ये काका गेले. सकाळी ऑफिसला जायला बूट घालताना खुर्चीत बसले ते बसलेच. छातीत दुखतंय असं काही म्हणाले नाहीत, थकलो म्हणाले. ते तर रोजचंच होतं, काकू आत डबा भरत राहिल्या. पुढे कितीतरी दिवस त्या भेटेल त्याला एकच सांगायच्या, की त्या दिवशी ते 'बाप्पा' म्हणाले नाहीत गं, नुसतं 'थकलो' म्हणाले, मला तेव्हाच कळायला हवं होतं. काय कळणार होतं, काकू? ज्यानं आयुष्यभर एकच शब्द वापरला, त्याच्या शेवटच्या शब्दाकडे कोण कसं वेगळं लक्ष देणार? मला काकांचा फार राग आला तेव्हा. अजूनही कधीकधी येतो.

काकू काही महिने नागपूरला भावाकडे गेल्या. माझा प्रबंध कसाबसा संपत आला होता आणि मी खोलीतलं सामान विकायला काढलं होतं. बागेचं काय झालं हे मी विचारलं नव्हतं. वाटलं, दिली असेल दुसऱ्या कुणाला, आणि नवा माणूस तो वेल उपटेल. एक दिवस, आठवड्याच्या मधल्याच वारी, सुजाताचा फोन आला. जर्मनमध्ये म्हणाली, "हॉप्फन तयार. उद्या ये." मी विचारलं, उद्या? शनिवारी नाही का? ती म्हणाली नाही, उद्या. रजा टाकली आहे. बाग तिनं स्वतःच्या नावावर करून घेतली होती आणि ऑगस्टच्या शेवटापासून दर दोन दिवसांआड कोलोनहून येऊन बोंडं दाबून बघत होती.

दुसऱ्या दिवशी शिडीवर तीच चढली. वाल्टरचे गुडघे आता साथ देत नव्हते. तो खुर्चीत बसून सूचना देत राहिला आणि मग झोपी गेला. बोंडं हिरवीगार होती, कुरकुरीत, आतली पूड पिवळीधमक. खुडता खुडता सुजाता एखादं बोंड कानाशी धरायची, अगदी काकांसारखी मान डावीकडे किंचित कलती करून, आणि मला दुसरीकडे बघावं लागायचं. न राहवून मी तिला म्हटलं, तुला माहीत आहे ना, काका हे सगळं फक्त तुझ्यासाठी करायचे? तिनं मान हलवली, माहीत होतं. थोड्या वेळानं म्हणाली की तिला स्वतःला बिअर आवडत नाही. कधीच आवडली नाही. कोलोनमध्येही ती सफरचंदाचा रस पिते. "एरवी ते थकलेले असायचे," ती म्हणाली, "त्या एका दिवशी ते माझ्याजवळ बसायचे." म्हणजे बाप पीत नव्हता, लेक पीत नव्हती, आणि इतकी वर्षं ती बिअर झाली ती एकट्या वाल्टरसाठी. आम्ही दोघींनी एकदमच त्याच्याकडे बघितलं. तो तोंड उघडं टाकून घोरत होता. आम्ही हसलो, आणि हसता हसता ती रडायला लागली, पिवळ्या बोटांनी डोळे पुसले आणि डोळे आणखीच चुरचुरले.

तळघरात उकळणं संपायला संध्याकाळ झाली. पातेलं गार झाल्यावर तिनं काकांचा तो छोटा ग्लास भरला. आधी मला दिला, मग स्वतः घेतला. गोड, आणि मागून येणारा कडूपणा. मी म्हटलं, "इथपर्यंत आपलं." तिनं मान डोलावली आणि यीस्ट टाकलं, झाकण लावलं, ओटा पुसून घेतला. मग भिंतीशी काकांचं स्टूल होतं, त्यावर बसली, पाठ टेकली, हात मांडीवर सैल सोडले.

"आल्झो," ती म्हणाली, "थकले बाप्पा."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"बस तू," मी म्हटलं, "पातेलं मी धुते."